माझी विहीर राहील का? सह्याद्रीतल्या 'पाण्याच्या बॅटरी'ची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

मेट्रोत उभे असाल, भांडी घासत असाल, नाहीतर माझ्यासारखेच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असाल, तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय जरा लांबून सुरू होतो, पण शेवटी तुमच्या खोलीतल्या एसीपर्यंत येतो.

गेल्या महिन्यात मला एका मैत्रिणीचा व्हॉट्सॲप आला. इंजिनिअरिंगला आम्ही एकाच बॅचला होतो. मी कोडिंगकडे वळलो, ती दोन वर्षं नोकरी करून गावी परतली. कोकणात, अगदी घाटाच्या पायथ्याला तिचं गाव आहे आणि तिथे ती काजू प्रक्रियेचं छोटं युनिट चालवते. गावाचं नाव घेऊ नको असं तिने सांगितलंय, म्हणून घेत नाही. तिने एका नोटिशीचा फोटो पाठवला होता. पंप स्टोरेज जलविद्युत प्रकल्प, इतके मेगावॅट, अमुक तारखेला पर्यावरणविषयक जनसुनावणी. आणि खाली तिचा मेसेज: "अरे, तू विजेचंच काम करतोस ना? हे वाच आणि मला एवढंच सांग, माझी विहीर राहील का?"

आता मी खरंच विजेचं काम करतो, म्हणजे तसं लांबूनच. आमची टीम विजेच्या मागणीचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर लिहिते. उद्या संध्याकाळी सात वाजता किती वीज लागेल, हे मी बऱ्यापैकी सांगू शकतो. मी तिला उत्साहाने भलंमोठं उत्तर टाइप केलं. मेगावॅट म्हणजे काय, पंप स्टोरेज कसं चालतं, देशाला ते का हवंय. तिने सगळं वाचलं, अंगठा दाखवला आणि परत विचारलं, "आणि विहीर?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधताना जे सापडलं, तेच आज सांगतो.

आधी मशीन समजून घेऊ, कारण त्याच्याशिवाय भांडण कशावर आहे तेच कळणार नाही.

सौरऊर्जा दुपारी भरपूर तयार होते. आपण दिवे, टीव्ही, एसी लावतो संध्याकाळी. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे? पंप स्टोरेजचं उत्तर साधं आहे. डोंगरावर एक तलाव, डोंगराखाली एक तलाव, मध्ये बोगदा. दुपारी स्वस्त वीज वापरून खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायची. म्हणजे पाण्याची बॅटरी. वर चढवायला १०० युनिट खर्च केले तर साधारण ७५ ते ८० परत मिळतात. थोडक्यात, हा प्रकल्प नवी वीज तयार करत नाही, वीज साठवतो आणि त्यात थोडी गमावतो.

आता एक गणित, बारावीचं फिजिक्स आठवा. घरावर एक हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढं पाणी पाचशे मीटर खाली सोडलं तर किती वीज मिळेल? यंत्रातला तोटा धरून साधारण सव्वा युनिट. दीड टनाचा एसी तासभर चालेल, बास. मग १,००० मेगावॅटचा प्रकल्प रोज सहा तास चालवायचा तर किती टाक्या लागतील? सुमारे ५० लाख. रोज ५० लाख टाक्या पाणी खाली आणि परत वर.

म्हणूनच सह्याद्री. पाण्याचं वजन आणि उंची, या दोनच गोष्टी इथे कामाला येतात. पाचशे मीटरचा सरळ कडा, वर धो धो पाऊस आणि शेजारीच मुंबई-पुण्यासारखं गिऱ्हाईक. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर ही जागा जणू यासाठीच घडवली आहे. नकाशा उघडून मी स्वतः 'वा!' म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू.

आणि हे 'वा' माझ्या आधी इतर अनेकांनी म्हटलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारबरोबर दोन प्रकल्पांचा करार केला: भिवपुरीला १,००० मेगावॅट आणि मावळात शिरवट्याला १,८०० मेगावॅट. कोल्हापूर जिल्ह्यात पाटगावला २,१०० मेगावॅटचा प्रस्ताव आहे. पाटगाव म्हणजे ते 'मधाचं गाव'. तिथल्या लोकांची काळजी वेदगंगेच्या पाण्याची आहे. २०२३ मध्येच केंद्राने अशा प्रकल्पांना चालना देण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, राज्यानेही धोरण आणलं. तेव्हा माझ्या मैत्रिणीला आलेली नोटीस ही एकटी नाही. घाटातल्या आणि पायथ्याच्या अजून बऱ्याच गावांत अशा नोटिसा लागतील.

इथून मी जरा मागे जातो. कारण सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी सोडून वीज करायची कल्पना शंभर वर्षं जुनी आहे, आणि तेव्हा काय झालं ते लिहिलेलं आहे.

मी हिंजवडीत बसतो. तिथून तासाभरावर मुळशी धरण. पावसाळ्यात आमचं अर्धं ऑफिस तिथे भजी खायला जातं. वाकडच्या पुलाखालून जी मुळा वाहते, तिच्याच वरच्या अंगाला हे धरण आहे. पण त्यातलं वीजनिर्मितीचं पाणी पुण्याकडे येतच नाही. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवलंय. कड्यावरून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि मग कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला राफ्टिंग केलंय का कधी? ती बोट त्याच पाण्यावर तरंगते. जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते आपण उलट्या दिशेला पाठवलं. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती म्हणून.

हे धरण जेव्हा नुसतं प्रस्तावित होतं, तेव्हा मुळशी पेट्यातली पन्नासच्या वर गावं त्याच्या आड येत होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पुढे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आलं, आणि याच लढ्यामुळे लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. १९२४ पर्यंत हा लढा चालला. शेवटी बापटांनी कामावरची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालं. १९२७ ला भिऱ्याला वीज सुरू झाली. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्यावर सविस्तर लिहिलंय.

मला त्यातली एक गोष्ट टोचली. जमीन कसणारे मावळे होते, पण बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या, नाहीतर त्यांच्याकडे गहाण पडलेल्या. सुरुवातीला सावकारही विरोधात होते. पुढे त्यांनी चांगला मोबदला मिळतोय का ते पाहिलं. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही होतं, त्यांचा पैसा अडकला होता. पण मोबदला कागद बघून मिळतो. नांगर धरणाऱ्याचं नाव कागदावर नसेल तर हिशेबात तो नसतोच.

हे मला टोचायचं कारण घरातलं आहे. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, लग्न होऊन कोयनेच्या खोऱ्यात आली. दोन-तीन वर्षांत गाव उठलं. आता ते शिवसागराच्या तळाशी आहे. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो केला १९७६ मध्ये, तोपर्यंत कोयनेचं पाणी भरून दहा-बारा वर्षं झाली होती. आजीच्या कुटुंबाला सांगली जिल्ह्यात जमीन दाखवली. भाताच्या खाचरांतून आलेली माणसं ज्वारीच्या रानात जाऊन बसली.

आजी जमिनीबद्दल फार बोलायची नाही. ती बोलायची हिरड्याबद्दल. करवंदांबद्दल. वरकस जमिनीतल्या नाचणीबद्दल. म्हणायची, "पाऊस लांबला तरी हिरडा विकून मीठ-मिरची सुटायची रे." हे सगळं डोंगरावरचं होतं, गावाचं होतं, सातबाऱ्यावर कुणाचं नव्हतं. त्यामुळे त्याचा मोबदला मिळायचा प्रश्नच आला नाही. माझ्या लहानपणी वडील दर दोन-तीन महिन्यांनी एक निळी फाइल घेऊन एका सरकारी ऑफिसात जायचे. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, वारस नोंद, राहिलेल्या जमिनीचा अर्ज. "साहेब नाहीत" हे वाक्य मी त्या फाइलसोबतच शिकलो. आजी गेली, फाइल अजून कपाटात आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी आजही आंदोलनाला बसते, त्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, अरे पण पंप स्टोरेज म्हणजे कोयना नव्हे. बरोबर आहे, आणि हे मी मान्य करूनच पुढे जातो. मघाच्या ५० लाख टाक्यांचा तलाव वीस मीटर खोल धरला तर साधारण २५ हेक्टर होतो, म्हणजे साठेक एकर. असे दोन. खोरंच्या खोरं बुडवणाऱ्या कोयनेच्या मानाने हे फार लहान आहे. पाणी एकदा भरलं की तेच खालीवर फिरतं, दरवर्षी फक्त बाष्पीभवनाची भर घालायची. जिथे तलाव आधीपासून आहेत, तिथे नवं बुडीत क्षेत्र आणखी कमी. आणि साठवणच केली नाही तर संध्याकाळची वीज कुठून येते? चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या कोळशातून. तिथल्या माणसांच्या छातीत तो धूर जातोच आहे, खाणींसाठी तिथली गावंही उठलीच आहेत. त्यामुळे 'प्रकल्प नको' एवढं म्हणून मी माझा एसी लावून झोपलो, तर ते काही बरोबर नाही.

पण मग अडचण कुठे आहे? ती तलावाच्या बाहेर आहे.

पहिली गोष्ट, वरचा तलाव कुठे होतो? बऱ्याचदा सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. सॅटेलाइट नकाशात ते तपकिरी, ओसाड दिसतं. एप्रिलमध्ये गेलात तर चप्पल वितळेल. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. कास पठार बघायला आपण तिकीट काढून जातो ना? तोही सडाच. कास, कोयना, चांदोली, राधानगरी हे चारही भाग २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सगळे सडे त्या यादीत नाहीत, पण कातळावरचा पाऊस मुरतो आणि खाली झऱ्यांतून बाहेर येतो, हे सगळीकडेच होतं.

आणि इथे विहीर आली. पायथ्याच्या गावांत नळाचं पाणी आलं असलं तरी मार्च-एप्रिलमध्ये भिस्त डोंगरातल्या झऱ्यावर आणि विहिरीवर. ते पाणी खडकाच्या भेगांतून येतं. बोगदा त्याच डोंगरातून जाणार. वीजघर बहुतेक जमिनीखाली, म्हणजे डोंगराच्या पोटात सुरुंग लावून पोकळी करणार. एखादी भेग बोगद्याकडे वळली तर झरा आटू शकतो. प्रत्येक ठिकाणी असं होईलच असं नाही. चांगलं अस्तर केलं, आधी भूजलाचा नीट अभ्यास केला तर टाळताही येतं. पण आधी मोजलं असेल तरच नंतर कळणार ना, की आटला म्हणून?

दुसरी गोष्ट, खोदून निघालेला दगड-मुरूम. तो घाटाच्या उतारावर टाकला तर दोन पावसाळ्यांत पऱ्यात उतरतो, पऱ्यातून शेतात. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. या दरडी काही अशा प्रकल्पांमुळे पडल्या नव्हत्या. पण हा डोंगर किती नाजूक आहे हे तिथे दिसलं, आणि त्याच डोंगरात आपण रस्ते आणि बोगदे काढणार आहोत. कोयनेच्या भागात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप अजून लोकांच्या आठवणीत आहे. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल २०११ चा. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले. मसुदेच.

तिसरी गोष्ट, वीज बाहेर न्यायला टॉवर आणि तारा. त्या जंगलातून, काजू-आंब्याच्या बागांतून जातात. प्रकल्पाच्या नकाशावर तलाव निळ्या रंगात छान दिसतो, तारांची रेघ कित्येकदा वेगळ्याच अहवालात असते.

बरं, मग त्या जनसुनावणीत करायचं काय? हा भाग लक्ष देऊन ऐका, गावी फॉरवर्ड करण्यासारखा आहे.

२००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार सुनावणीच्या आधी किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत उपलब्ध असावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस सोबत असतो. सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांना मराठीत वाचून दाखवायचा असतो. 'उशीर झाला, चला' म्हणत उठू नका. आपण बोललो ते त्यात आलंय का ते ऐकूनच निघा. आणि एक महत्त्वाचं: तिथे कोरम नसतो. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. त्यामुळे 'जाऊन काय उपयोग' म्हणून गाव घरी बसलं, तर कागदावर विरोध शून्य. तिथे मतदान होत नाही, हेही लक्षात ठेवा. हात वर करून प्रकल्प रद्द होणार नाही. पण नोंदवलेल्या प्रत्येक मुद्द्याला कंपनीला उत्तर द्यावं लागतं. लेखी मुद्दे आधीही पाठवता येतात.

मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून मुद्दे काढले, ते असे. पहिल्या भरणीचं पाणी कोणत्या नदीचं आणि कोणत्या महिन्यांत उचलणार? दरवर्षीची भर कुठून? बोगद्याच्या दोन्ही बाजूंच्या झऱ्यांची आणि विहिरींची यादी अहवालात आहे का, त्यांची आजची पातळी लिहिली आहे का? निघालेला मुरूम कोणत्या गट नंबरात टाकणार? तारांचा मार्ग कुठला? आणि सातबाऱ्यावर नसलेल्या गोष्टी, म्हणजे गुरं चरायची जागा, हिरडा-बेहडा, देवराई, शाळेची पायवाट, यांचा हिशेब कुठल्या पानावर आहे?

शेवटच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाला सामूहिक दावा करता येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो मिळवून दाखवला. तो कागद आजीच्या वेळेला असता तर हिरडा मोजावा लागला असता.

तर त्या विहिरीचं सांगतो आणि थांबतो. आम्ही मराठी सारांश वाचला. त्यात तिच्या वाडीची विहीर नव्हती. वाडीचा झराही नव्हता. म्हणजे उद्या तो आटला, तर तो कधी होता हे सिद्ध करायची जबाबदारी वाडीवर.

मग आम्ही जे करता येईल ते सुरू केलं. दर रविवारी सकाळी ती रहाटाच्या दोराला बांधलेली मापाची टेप विहिरीत सोडते, पाण्यापर्यंतची खोली लिहिते, फोटो काढते. झऱ्याला पंधरा लिटरची बादली लावायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. मी फक्त एक गूगल शीट करून दिलं. पहिल्या रविवारी एक विहीर होती. आता शाळेतली मुलं मिळून नऊ विहिरी आणि तीन झरे मोजतात. त्यांच्यात भांडणही झालं, कुणाची बादली लवकर भरते म्हणून. ग्रामसभेत ठराव करून ही नोंद सुनावणीत जोडायची ठरली आहे.

तिच्या काकांना हे सुरुवातीला पोरखेळ वाटला. मग एका रविवारी ते स्वतः आले आणि म्हणाले, आमच्या बागेतलीही मोजा.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. प्रकल्प होईल की नाही, मला माहीत नाही. तिला विचारलं, तुझं काय मत? ती म्हणाली, "वीज नको असं कोण म्हणेल? पण मला आधी माझं पाणी त्यांच्या कागदावर बघायचंय." मी सुट्टी टाकलीये, जाणार आहे. तिथे काय झालं ते पुढच्या भागात सांगेन.

तुमचं गाव घाटात किंवा पायथ्याला असेल, तर या रविवारी घरी फोन करा आणि विचारा, विहिरीला पाणी किती हातावर आहे? आकडा आणि तारीख लिहून ठेवा. प्रकल्प येवो न येवो, ते कामी येईल. आणि मुळशीला भजी खायला गेलात तर थोडा वेळ पाण्याकडेही बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.